हात अडकलाय: रेकॉर्ड केलेला कोर्स घ्यावा की सरांसमोर बसावं?

परभणीत तबल्याचे, पेटीचे गुरुजी शोधावे लागत नाहीत. गिटारचे क्लासही आता आहेत, पण बहुतेक ठिकाणी शिकवणी बार कॉर्डपाशी, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या कॉर्डपाशी, थांबते. दहा-बारा वर्षं वाजवून हात एकाच जागी अडकला, तर दोनच वाटा दिसतात: ऑनलाइन कोर्सची वर्गणी भरायची, नाहीतर संभाजीनगरची गाडी पकडायची. मी दोन्ही करून पाहिलं.

आधी माझी अडचण सांगतो, कारण तुमची वेगळी असेल तर माझं मत तुम्हाला तितकं लागू पडणार नाही. मी लग्नसराईत आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवतो. कॉर्ड, ऱ्हिदम, गाण्यांमधले लीडचे तुकडे यांत अडत नव्हतं. पण एका तारेवर तीन सूर घेत सहाही तारांवरून स्केल वाजवायची, तर एका ठोक्याला चार सूर या हिशेबाने मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १०८ ठोक्यांच्या पुढे सरकेना. दोन वर्षं तोच आकडा.

कोर्समध्ये माल भरपूर होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सूर न बदलता व्हिडिओ संथ करता येतो, दोन ओळी पुन्हा पुन्हा फिरवता येतात, कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारा टॅब सोबत सरकतो. जॅझचे कॉर्ड किंवा फिंगरस्टाइल (बोटांनी तारा छेडणं) शिकायचं असेल, तर आपल्या भागात बसून याहून चांगली सोय मला तरी दिसत नाही. नुसती उजळणी हवी असेल तर जस्टिन गिटारसारखं फुकट साहित्यही पुष्कळांना पुरेल.

मला खटकली ती हिरवी खूण. व्हिडिओ संपला की धड्यापुढे खूण यायची आणि पुढचा धडा आपोआप सुरू व्हायचा. हाताला जमलं की नाही, याच्याशी त्या खुणेचा काही संबंध नव्हता. १०८ ला अडकलो की मी पुढच्या धड्याकडे वळायचो. आठ महिन्यांत दीडशेच्या वर धडे पूर्ण दिसत होते आणि मेट्रोनोम होता तिथेच. नवशिक्याला ती खूण हुरूप देत असेल, नाही म्हणत नाही. पण आपल्यासारख्याला माहितीची टंचाई नसते. कुठे चुकतंय हे कळत नसतं.

मग संभाजीनगरला एका सरांकडे गेलो. एका तासाच्या शिकवणीसाठी अख्खा रविवार गाडीत आणि स्टेशनवर जातो, फीही कमी नाही. सरांनी तीच स्केल वाजवायला लावली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “डावा हात ठीक आहे. पिक दोन तारांमध्ये अडकतोय.” पिक म्हणजे उजव्या हातातली, तारा छेडायची चपटी पट्टी. एका तारेवर तीन सूर असले की खाली-वर-खाली होऊन पिक पुढच्या तारेवर जातो, तिथे वर-खाली-वर होतं. म्हणजे तार बदलताना एकदा पिक खाली आलेला असतो, एकदा वर गेलेला. माझ्या तिरप्या धरण्यात पिक वर जाताना तारांच्या बाहेर सुटायचा, खाली येताना मात्र दोन तारांच्या मध्ये रुतून बसायचा. सहा तारांत पाच वेळा तार बदलते, त्यांतल्या तीन वेळा मी अडखळत होतो. आणि मी दोन वर्षं डाव्या हाताचा रियाज करत बसलो होतो!

घरी येऊन कोर्स उघडला. पिकच्या तिरपेपणावरचा धडा त्यात होता. मी तो पाहिलेलाही होता, पुढे हिरवी खूण होती. तो माझ्यासाठी आहे, एवढंच मला कोणी सांगितलं नव्हतं.

या दोन्हींच्या मधलीही एक वाट आहे. आर्टिस्टवर्क्ससारख्या ठिकाणी तुम्ही आपला व्हिडिओ पाठवता आणि शिक्षक व्हिडिओनेच उत्तर देतात. ते मी घेतलेलं नाही, पण कल्पना मला पटते. व्हिडिओ कॉलवरची शिकवणी मात्र घेतो. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही, पाळीपाळीने वाजवावं लागतं. झूम वापरत असाल तर ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा, नाहीतर लांब धरलेला सूर गोंगाट समजून मध्येच कापला जातो. कॅमेरा उजव्या हातावर ठेवा.

नवा प्रकार शिकायचा असेल, तर कोर्स घ्यायला माझी हरकत नाही. पण येणारी गोष्टच पुढे सरकत नसेल, तर मी आधी एकदा कोणाला तरी ऐकवीन आणि कोर्सचा विचार त्यानंतर करीन. ऐकणारे सर तुमच्या गावातच असतील तर उत्तमच.

माझा मेट्रोनोम आता १२६ वर आहे. यंदा वर्गणी भरलेली नाही, ते पैसे संभाजीनगरच्या चार फेऱ्यांसाठी बाजूला ठेवलेत.