अथेन्सच्या संग्रहालयातली फेरी: वाइनमध्ये पाणी का घालत?

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात गाईडसोबतची फेरी घेतली. पैसे पुरेपूर वसूल! गाईडबाईंनी सोन्याचे मुखवटे भराभर दाखवले, पण मातीच्या भांड्यांपाशी त्या मनापासून रमल्या. क्रेटर म्हणजे रुंद तोंडाचं मोठं भांडं. त्यात प्राचीन ग्रीक लोक वाइन आणि पाणी एकत्र करत. बहुधा पाणीच जास्त. ग्रीक कवी हेसिओड तर तीन भाग पाणी, एक भाग वाइन सांगतो. प्रमाण बैठकीचा प्रमुख ठरवी, कारण सिंपोजियम, म्हणजे ही पिण्याची बैठक, रात्री उशिरापर्यंत चाले. गाणी, कविता, वाद रंगायचे, तर माणसं शुद्धीवर हवीत ना! नुसती वाइन पिणं रानटी मानत. राजा क्लिओमेनिसला वेड लागलं ते सिथियन या भटक्या लोकांकडून ही सवय उचलल्यामुळे, असं स्पार्टाचे लोक म्हणत. पिण्याइतकंच बोलण्यालाही महत्त्व देणारी ही माणसं मला फार आवडली.

इ.स.पू. आठव्या शतकातला हिर्शफेल्ड क्रेटर मात्र थडग्यावर उभा करायचा होता. त्यावरची अंत्ययात्रा निवांत बघा, तिथे घाई करू नका.

एकच तक्रार, गट फार मोठा होता. मागच्यांना नीट ऐकू येत नव्हतं, हेडफोन द्यायलाच हवेत. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या.