पोर्ट बार्टनचा तीन रात्रींचा बेत : अमिहानपासून हबागातपर्यंत वापरून

फिलिपिन्समधल्या पालावान बेटावरच्या पोर्ट बार्टन या किनाऱ्यावरच्या गावासाठी बसवलेला हा दोघांचा बेत नोव्हेंबरच्या कोरड्या अमिहानपासून (ईशान्य मोसमी वारा) जुलैच्या हबागातपर्यंत (पावसाळी नैऋत्य मोसमी वारा) वापरून झाला आहे. मनिलाहून शांत किनाऱ्यावर जायचं असेल तर आमची पसंती याच गावाला. मात्र तीन रात्रींत बेटाच्या उत्तर टोकाचं पर्यटनस्थळ एल निदो कोंबू नका. व्हॅनने तिथे पोचायलाच तीन-चार तास लागतात, म्हणजे एक अख्खा दिवस गेला.

मनिलाहून पालावानचं मुख्य शहर पोर्तो प्रिन्सेसाचं सकाळचं विमान घ्या. पुढे व्हॅनने साधारण तीन तास. दुपारनंतर गाड्या विरळ होतात आणि मग स्वतंत्र गाडी करावी लागते. शेवटचा रस्ता वळणांचा आहे. गाडी लागत असेल तर मागची रांग टाळा.

बेताचं यश एकाच गोष्टीवर ठरतं : आसपासच्या बेटांची बोटसफर पहिल्या पूर्ण दिवशी ठेवा आणि दुसरा दिवस राखीव. गाव पश्चिमेकडे तोंड करून आहे. अमिहानचा ईशान्य वारा बेटाच्या डोंगरांआड अडतो, त्यामुळे फेब्रुवारीत खाडी सपाट असते. हबागात नैऋत्येकडून थेट आत घुसतो. जून ते ऑक्टोबर तटरक्षक दल कधीही छोट्या बोटी थांबवतं. म्हणून बोटीचे पैसे आधीच भरू नका, आदल्या संध्याकाळी समुद्र बघून ठरवा. राखीव दिवस मोकळा राहिलाच, तर पामुआयानच्या धबधब्यापर्यंत चालत जा.

दोघांसाठी स्वतंत्र बांका, म्हणजे बाजूला बांबूचे आधार असलेली स्थानिक बोट, महाग पडते, तरी आम्ही तीच घेऊ. सामायिक बोटीत क्रम ठरलेला असतो. स्वतंत्र बोटीत कासवांची जागा सर्वांत आधी मागता येते. गर्दी झाली की कासवं दिसेनाशी होतात. बोटीत गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं, म्हणून पाण्यात चालणारे बूट आणि १० लिटरची जलरोधक पिशवी हवीच. खाऱ्या पाण्याने सामानाच्या चेन (झिप) जाम होतात. त्या रोज गोड्या पाण्याने धुवा.

निकनिक, म्हणजे वाळूतल्या बारीक माश्या, पहाटे आणि संध्याकाळी चावतात आणि खाज कित्येक दिवस टिकते. वाळूवर थेट बसू नका. खोबरेल तेलाचा जाड थर बऱ्यापैकी उपयोगी पडतो.

खोली किनाऱ्याच्या मधल्या भागात नको, तिथे बारचा आवाज येतो. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, हे स्पष्ट विचारा. रोकड पोर्तो प्रिन्सेसातच काढा : बहुतेक एटीएम एका वेळी १०,००० पेसो देतात आणि परदेशी कार्डावर दरवेळी सुमारे २५० पेसो कापतात.

शाकाहारींनी ‘गुलाय’, म्हणजे भाजी, एवढंच सांगून भागत नाही. पिनाकबेत या मिश्र भाजीत बागूंग (आंबवलेल्या कोळंबीची किंवा माशांची चटणी) असतं, साध्या परतलेल्या भाजीतही पातिस (माशांचा खारा रस) पडतं. ‘वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस, वालांग बागूंग’ (मांस नको, मासे नकोत, पातिस नको, बागूंग नको) असं पूर्ण सांगा. बोटीवरचं जेवण भाजलेल्या माशांचं असतं, तेव्हा तिथे आदल्या रात्रीच कळवा.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी येणाऱ्यांना ८ जून २०२५ पासून १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश आहे, पण मुदत वाढत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलची नोंद आणि सहा महिने वैध पासपोर्ट लागतो. ई-ट्रॅव्हल या सरकारी ऑनलाइन प्रवेश-अर्जाची नोंदणी पोचण्याआधीच्या ७२ तासांत करायची, ती मोफत आहे. आपल्या गोल पिनांसाठी चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या. परतीला पोर्तो प्रिन्सेसाहून दुपारी दोनच्या आधीचं विमान नको, आणि त्याच दिवशी मनिलाहून भारताचं विमान तर नकोच.