1959 सालचे माझे चार अल्बम: जॅझची सुरुवात कुठून करावी?

वर्षातले आवडते अल्बम कुठले, असं कुणी विचारलं की मी नेहमी एकाच वर्षाबद्दल बोलायला लागतो. ते वर्ष माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं, 1959. जॅझ ऐकायला सुरुवात करायची आहे आणि पहिला अल्बम एकच निवडायचा आहे, अशा माणसाला सुचवताना मला त्या वर्षाबाहेर जावंच लागत नाही. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', चार्ल्स मिंगसचा 'मिंगस आह उम', डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटचा 'टाइम आउट' आणि ऑर्नेट कोलमनचा 'द शेप ऑफ जॅझ टू कम' हे चारही एकाच वर्षात बाजारात आले. यातले पहिले तीन तर एकाच खोलीत ध्वनिमुद्रित झाले. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर, पूर्वी चर्च असलेल्या एका इमारतीत कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. मार्च ते ऑगस्ट अशा सहा महिन्यांत तिथे हे तीन अल्बम तयार झाले. चौथा, म्हणजे कोलमनचा, देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसमध्ये, 22 मे रोजी एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाला.

कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: 'काइंड ऑफ ब्लू'पासून सुरुवात कर. अल्बम म्हणून त्याच्या थोरवीबद्दल माझं काही दुमत नाही. पण पहिला म्हणून तो सुचवायला मी कचरतो, आणि त्याचं कारण त्याच्या सौंदर्यातच आहे. तो इतका शांत आणि इतका गुळगुळीत वाहतो की नवा ऐकणारा त्याला मागे चालू ठेवून दुसरं काम करायला लागतो. पंचेचाळीस मिनिटं संपतात, छान वाटतं, आणि एकही सूर लक्षात राहत नाही. माझं तसंच झालं होतं. कितीतरी वेळा तो लावला आणि दरवेळी वाचत बसलो. मग एका रात्री हेडफोन लावून, दिवा बंद करून पहिली रचना ऐकली, तेव्हा कुठे तो मला भेटला.

त्या रचनेचं नाव 'सो व्हॉट'. सुरुवातीला पियानो आणि बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) चाचपडत पुढे येतात, अजून ताल नाही. मग पॉल चेंबर्सचा बास एक छोटंसं वाक्य बोलतो आणि त्याला दोन सुरांचं उत्तर मिळतं. पुन्हा वाक्य, पुन्हा तेच दोन सूर. हे प्रश्नोत्तर संपतं, माइल्सचा ट्रम्पेट सोलो, म्हणजे त्याचं एकट्याचं वादन, सुरू होतो, आणि नेमक्या त्या क्षणी ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक ठोका देतो. त्या ठोक्याचा नाद विरत जातो आणि त्याच्यातून ट्रम्पेट पुढे सरकतो. एवढे दोन सेकंद नीट ऐकले की बाकीच्या नऊ मिनिटांत काय ऐकायचं ते आपोआप कळतं.

रागसंगीत ऐकणाऱ्याला या अल्बमात एक ओळखीची वाट सापडते. त्याआधीच्या जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, भराभर बदलत आणि सोलो वाजवणाऱ्याला त्या प्रत्येक कॉर्डमागे धावावं लागे. माइल्सने ती धावपळ काढून टाकली. 'सो व्हॉट'मध्ये सोळा बार (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) एकच स्वरपंक्ती असते, मग आठ बार तीच अर्ध्या स्वराने वर चढवलेली, आणि शेवटचे आठ बार पुन्हा मूळ जागी. ती स्वरपंक्ती म्हणजे काफी थाटाचेच स्वर: गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणून तो राग होतो असं मी म्हणणार नाही. चलन वेगळं, न्यास वेगळे, आणि मधेच षड्ज सरकतो तो तर आपल्याकडे चालणारच नाही. पण मोजक्या स्वरांत थांबून त्यांच्याकडूनच काहीतरी काढून घ्यायचं, ही वृत्ती ख्याल ऐकलेल्या कानाला परकी वाटत नाही. एकाच रचनेत माइल्स आणि जॉन कोल्ट्रेन व कॅननबॉल ॲडर्ली हे दोन सॅक्सोफोनवादक एकामागून एक वाजवतात. माइल्स सूर टाकून वाट बघतो, कोल्ट्रेन सगळे सूर एकदम उपसून काढायला बघतो, ॲडर्ली खुशीत असतो. स्वर तेच, स्वभाव तीन.

'टाइम आउट' याच्या अगदी उलट आहे. 'काइंड ऑफ ब्लू' तुम्हाला शोधत येत नाही, 'टाइम आउट' पहिल्या दहा सेकंदांत बाही धरतो. 1958 साली अमेरिकी सरकारने ब्रुबेकच्या चमूला परदेश दौऱ्यावर पाठवलं होतं. त्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून त्याने एक नऊ मात्रांचा ठेका ऐकला, आणि त्यातून 'ब्लू राँडो आ ला टर्क' झालं. दोन-दोन-दोन-तीन असा तो ठेका तीनदा येतो आणि चौथ्या वेळी तीन-तीन-तीन होतो. बोटांवर मोजत ऐकून बघा. पहिल्यांदा चुकेल, चौथ्यांदा बसेल, आणि बसला की सम गाठल्याचा जो आनंद असतो तोच होईल.

याच अल्बमातलं 'टेक फाइव्ह' बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी. ब्रुबेकचं म्हणून ते ओळखलं जातं, पण ती रचना त्याच्या सॅक्सोफोनवादकाची, पॉल डेझमंडची. पाच मात्रा, तीन आणि दोन अशा. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनातही पाचच मात्रा, फक्त तिथे आधी दोन आणि मग तीन, त्यामुळे तबला कानात असणाऱ्याला हे आधी किंचित तिरकं लागतं आणि मग लगेच आवडतं. जो मोरेलोच्या ड्रम सोलोच्या वेळी ब्रुबेकचा पियानो ते पाचाचं चक्र न कंटाळता धरून ठेवतो, अगदी लेहरा धरावा तसं. त्यामुळेच मोरेलोला मधे मोकळ्या जागा सोडता येतात. त्या रिकाम्या जागाच मला त्या सोलोत सर्वांत जास्त आवडतात. डेझमंड 1977 साली वारला तेव्हा या रचनेचं मानधन त्याने अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे करून ठेवलं होतं.

असं असूनही माझ्या यादीत 'टाइम आउट' तिसरा. पहिली आणि तिसरी रचना सोडली तर बाकीचं सगळं नीटनेटकं आणि सुरेख आहे, पण मी तिकडे पुन्हा पुन्हा वळत नाही. 'स्ट्रेंज मेडो लार्क'मधला डेझमंडचा सूर मात्र अपवाद. तो इतका हलका आहे की सॅक्सोफोनमध्ये हवा कमी आणि उजेड जास्त असावा असं वाटतं. तालाच्या बाजूने संगीतात शिरणाऱ्याने, किंवा घरात सगळे मिळून ऐकणार असतील तर, खुशाल हाच पहिला घ्यावा.

माझा पहिला आहे 'मिंगस आह उम'. इतका जिवंत अल्बम मला त्या वर्षातच काय, इतर वर्षांतही फारसा सापडलेला नाही. चार्ल्स मिंगस बास वाजवायचा, म्हणजे बहुतेक चमूंत मागे उभं राहणारं वाद्य. इथे मात्र तो मागे उभा राहून सगळ्यांना हाकतो. 'बेटर गिट इट इन युअर सोल' त्याच्या एकट्याच्या बासने सुरू होतं, मग एकेक वाद्य आत येतं, आणि मिंगस मधेच ओरडायला लागतो. ध्वनिमुद्रणात तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. लहानपणी चर्चमध्ये ऐकलेल्या प्रार्थनांची ती आठवण आहे: गाणं, आरोळ्या, टाळ्या, सगळं एकत्र. पुढे एके ठिकाणी वाद्यं थांबतात, फक्त टाळ्या आणि ड्रम्स उरतात, आणि त्यावर एकटा सॅक्सोफोन वाजत राहतो. भजन रंगात आल्यावर पेटी थांबते आणि टाळ-मृदंगावरच सगळं चालतं, तो क्षण ज्याने अनुभवलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि हा गलका संपल्यावर लगेच दुसरी रचना येते, 'गुडबाय पोर्क पाय हॅट'. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग 15 मार्च 1959 रोजी गेला. तो घालायचा त्या टोपीचं नाव या रचनेला आहे. तो जाऊन दोन महिने व्हायच्या आतच मिंगसने हा निरोप ध्वनिमुद्रित केला. धून ब्लूजचीच, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या लोकगीतांच्या वळणाची, पण अतिशय संथ. सॅक्सोफोन जवळजवळ बोलत असतात. जॉन हँडीचा सोलो सुरू असताना एका जागी त्याचा सूर थरथरतो, म्हणजे फुंकतानाच जीभ फडफडवून तो सूर फाडतो. रडू आवरताना आवाज जसा होतो तसा तो सूर होतो. शब्द नसलेल्या संगीतात दुःख इतकं थेट कसं येतं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मी ते परत परत ऐकतो एवढंच.

दुःख आहे तसा रागही आहे. 1957 साली आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिरू देऊ नये म्हणून नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले होते. 'फेबल्स ऑफ फॉबस' ही त्याची खिल्ली आहे. या अल्बमवर शब्द नाहीत, शब्दांसह ती मिंगसने पुढच्या वर्षी कॅन्डिड या कंपनीसाठी वाजवली. पण शब्दांशिवायही धूनच पाय ओढत, पोट पुढे काढून चालल्यासारखी आहे. डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो.

म्हणजे 'काइंड ऑफ ब्लू' एका मनःस्थितीत पूर्ण वेळ राहतो, तर 'मिंगस आह उम' दर पाच-सहा मिनिटांनी दुसऱ्याच घरात नेतो: चर्च, शोकसभा, भर रस्ता, थोर जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनला लिहिलेलं पत्र, आणि सुरुवातीच्या काळातला पियानोवादक जेली रोल मॉर्टन याच्या जुन्या जॅझची आठवण. नव्या माणसाला कंटाळा यायला जागाच राहत नाही, आणि जॅझमध्ये काय काय मावतं हे एका बैठकीत कळतं. काहींना तो गजबजलेला वाटेल, हे मी मान्य करतो. दिवसभर दमून आल्यावर लावायचा हा अल्बम नव्हे.

विकत घेणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. मिंगसच्या मूळ एलपीत जागेअभावी बऱ्याच रचनांची काटछाट झाली होती, नंतरच्या आवृत्त्यांत कापलेला भाग परत जोडला गेला. पूर्ण असलेली आवृत्ती घ्या. 'काइंड ऑफ ब्लू'चंही असंच. 2 मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपचं एक यंत्र किंचित हळू फिरत होतं, आणि ती टेप नंतर नेहमीच्या वेगाने वाजवल्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तीस वर्षांहून अधिक काळ थोड्या चढ्या सुरात वाजत राहिल्या. 1990च्या दशकात ते दुरुस्त झालं. जुनी एलपी हातात आली आणि तिच्यासोबत पेटीवर सूर धरायला गेलात तर जुळणार नाही, तेव्हा दोष पेटीचा नव्हे.

राहिला ऑर्नेट कोलमन. त्याच्या चमूत पियानो नाही, त्यामुळे कॉर्डचा आधारच नाही. तो स्वतः प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवायचा. त्या नोव्हेंबरात हा चमू न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये वाजवायला आला तेव्हा ऐकणाऱ्यांत अक्षरशः दोन तट पडले. आज ऐकताना धक्का तेवढा बसत नाही, पण दुसरी रचना 'इव्हेन्चुअली' अजूनही अंगावर येते. मी पहिल्यांदा तिथेच थांबलो आणि कित्येक महिने अल्बम पुन्हा उघडला नाही. परतलो तो पहिल्या रचनेसाठी, 'लोनली वुमन'साठी. त्यात बिली हिगिन्सची झांज भरधाव धावते, चार्ली हेडनचा बास खाली जड पावलं टाकतो, आणि या दोघांच्या वर कोलमन आणि कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखंच वाद्य) डॉन चेरी एक विलापासारखी धून वाजवतात, तिसऱ्याच लयीत, एकत्र पण अगदी अचूक एकत्र नाही. दोन माणसांनी एकच दुःख आपापल्या श्वासाने म्हणावं, तसं.

हा अल्बम पहिला घेऊ नका. चौथा घ्या, पण घ्याच. बाकीचे तीन कानात बसल्यावर याच्यात काय मोडलंय आणि काय जपलंय ते ऐकू येतं. त्याआधी फक्त मोडलेलं ऐकू येतं.

तर एकच निवडायचा असेल तर रागसंगीत ऐकणाऱ्याने 'काइंड ऑफ ब्लू' घ्यावा, मात्र हातात दुसरं काम न घेता. ठेक्यावर जीव असणाऱ्याने 'टाइम आउट'. बाकी सगळ्यांना, आणि कुठला घ्यावा हे ठरतच नसेल त्यालाही, मी मिंगस देईन. आवाज जरा मोठा ठेवा, बासचे पहिले सूर येऊ द्या, आणि टाळ्यांपर्यंत बंद करू नका.