घड्याळ संपलेलं होतं आणि आम्ही हप्ते भरत होतो

पतसंस्थेत २६ वर्षं लोकांची कर्जाची कागदपत्रं तपासतोय. उताऱ्यावरची खाडाखोड मला चष्मा न लावता दिसते. आणि मीच ५,०२,००० रुपये एका एजंटच्या टेबलावर ठेवून आलो. हसायचं तर हसून घ्या, नातेवाइकांचं हसून झालंय.

मुलगी पाच हजार मीटर धावते. इंजिनिअरिंगला असताना कोविडचं वर्ष सोडून दरवर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेली. २०२२ ला बी.ई. झाली, वर्षभर नोकरी केली आणि २०२३ च्या दिवाळीनंतर हा एजंट भेटला. ऑगस्ट २०२४ ला अमेरिकेत एम.एस., धावण्यावर फी माफ, राहणं-खाणं माफ, तेही एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या, पहिल्या डिव्हिजनमध्ये. भिंतीवर फोटो, जिभेवर साखर, बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे.

नोंदणी २५,०००. व्हिडिओ आणि प्रोफाइल ८५,०००. ‘एलिजिबिलिटी फाइल’, म्हणजे खेळायला पात्र असल्याची कागदपत्रं, १,१०,०००. जागा पक्की करायला २,४०,०००. वर सेव्हिसची, म्हणजे अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी म्हणून ४२,००० रोख, बिनपावतीचे. ही फी असते ३५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने एकोणतीस हजारांच्या आसपास. ती आपण स्वतः अमेरिकी सरकारच्या साइटवर भरायची असते, आणि तीही आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद, हातात आल्यावर. आमची आय-ट्वेंटी आलीच नव्हती.

पण मला राहून राहून आठवतो तो पहिल्या दिवसाचा फॉर्म. ऑफिसातली मुलगी भरून घेत होती. “ताई, फर्स्ट इयरला अ‍ॅडमिशन कधीची?” पोरगी म्हणाली, “ऑगस्ट २०१८.” ऑफिसातल्या मुलीने पेन उचललं आणि सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “तो रकाना कोरा ठेव, मी भरतो.” मी ऐकलं. माझ्यासमोर कुणी कोऱ्या रकान्यावर सही मागितली तर मी फॉर्म तसाच परत सरकवतो. त्या दिवशी मी चहा पीत होतो.

तेव्हाच्या नियमाने पहिल्या डिव्हिजनचं घड्याळ, म्हणजे कॉलेजकडून खेळायची मुदत, पाच वर्षांचं. पूर्णवेळ कॉलेजचा पहिला दिवस उजाडला की ते सुरू, मग कॉलेज बोस्टनचं असो की नाशिकचं. तुम्ही नोकरी करताय म्हणून ते थांबत नाही. आमची पाच वर्षं २०२३ च्या उन्हाळ्यातच संपली होती, पहिला हप्ता भरायच्या आधी! एजंट म्हणायचा, कोविडचं एक वर्ष जास्त मिळतं. तिकडे खेळणाऱ्यांना ते दिलं होतं हे खरं. पण सहा धरली तरी ऑगस्ट २०२४ बाहेरच पडतो, बोटांवर मोजा. शिवाय खेळायचे मोसम चारच, आणि कॉलेजकडून खेळलेले इथले मोसमही त्यात धरतात. म्हणजे जी प्रमाणपत्रं मी हौसेने लॅमिनेट करून फाइलला लावली, ती तिच्याच विरुद्धचा पुरावा होती.

आधी वाचायचं होतंत, असं सगळे म्हणतात. वाचलं होतं. मास्टर्स करणारेही खेळू शकतात, हे मी स्वतः वाचलं होतं आणि ते खोटं नाही. ज्यांची वर्षं आणि मोसम शिल्लक आहेत, त्यांचं होतं. तीन वर्षांत बी.कॉम. उरकून लगेच गेलेल्या पोराचं जमू शकतं. तेवढ्या अर्ध्या खऱ्यावर मी पैसे लावले.

जुलै संपत आला तेव्हा पोरीने स्वतःच ऑफर आलेल्या विद्यापीठाच्या कोचला मेल टाकला. पत्ता विद्यापीठाच्या साइटवर उघड असतो, पैसे पडत नाहीत. तुम्ही हेच आधी करा. दोन दिवसांत उत्तर आलं: तुझं नाव आमच्याकडे नाही, आणि पूर्णवेळ कॉलेज कधी सुरू केलंस? तोच रकाना. आमचं ‘ऑफर लेटर’ मात्र जीमेलवरून आलं होतं. पत्ता डॉट ईडीयूचा नसेल तर पत्र फाडून टाका.

मग चौकी. सायबरवाले म्हणाले, पैसे समोर बसून दिलेत, हे आमचं नाही. चौकीत म्हणाले, हा व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जा. आर्थिक गुन्हेवाल्यांनी रक्कम ऐकून, “एवढीच?” आमची दोन वर्षांची बचत! एका साहेबांनी अर्धा तास यावर घालवला की पैसे जुलै २०२४ च्या आधी दिले म्हणून फसवणुकीचं जुन्या कायद्यातलं ४२० लावायचं की तक्रार आत्ता आली म्हणून नव्या न्याय संहितेतलं ३१८. शेवटी एकही लावलं नाही. “अजून चार तक्रारदार आणा, मग बघू.” तक्रारदार मी शोधायचे! आणि वर हवालदार: “एवढे शिकलेले तुम्ही, सही कशी केलीत?”

स्कॉलरशिपच्या टक्क्यावर फी मागणारा दिसला की उठा. एनसीएएला ते चालत नाही, आणि गोत्यात खेळाडू येतो. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच, कुणी दाखवली तर बनावट समजा. रोख देऊ नका.

सात महिन्यांनी परवा चौकीतून फोन आला. मूळ पावत्या घेऊन या म्हणे. मूळ पावत्या मी सप्टेंबरातच त्यांच्याकडे जमा केल्यात. त्याची पोच मागितली होती, तेव्हा साहेब म्हणाले होते, “विश्वास नाही का आमच्यावर?”