डॅटसन २४०झेडचे मागचे बेअरिंग: आठ महिने वापरल्यानंतर

माझी गाडी, म्हणजे डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार, १९७२ सालची, मुक्काम मिशिगन. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे ती एप्रिल ते नोव्हेंबरच बाहेर निघते. यंदा एप्रिलमध्ये एक किट आणून मागच्या दोन्ही चाकांना नवे बेअरिंग बसवले. आता गाडी झाकून ठेवायच्या आधी लिहून टाकतो.

दुखणं काय होतं? ताशी ४५ मैलांच्या पुढे मागून घूंऽऽ असा आवाज. मी आधी टायर बदलले, म्हणजे पैसे फुकट. हायवेच्या डावीकडे वळणाऱ्या लांब रॅम्पवर तो आवाज वाढायचा, तेव्हा डोक्यात उजेड पडला: भार उजव्या चाकावर येतोय, म्हणजे गेलंय ते उजवं.

या गाडीत प्रत्येक मागच्या चाकाला दोन बेअरिंग, आतलं आणि बाहेरचं, आणि मधे एक लोखंडी नळी. सगळी मेख त्या नळीत आहे. तिच्यावर ए, बी किंवा सी असं अक्षर कोरलेलं असतं आणि हाउसिंगवरही, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतात त्या कवचावरही, तेच हवं. माझ्या उजव्या हाउसिंगवर बी, आतून निघाली सी. डावीकडे नेमकं उलटं! आधी कुणीतरी दोन्ही बाजू एकदम खोलून नळ्यांची अदलाबदल केली होती. लांबी जुळली नाही की बेअरिंग आडव्या दाबात तरी फिरतं, नाहीतर ढिलं तरी राहतं. म्हणून एका वेळी एकच बाजू खोला.

एक चूक माझीही. चाकाच्या छोट्या दांड्याच्या, म्हणजे स्टब ॲक्सलच्या, टोकाला असलेल्या नटाची कड खाचेत ठोकून बसवलेली असते. ती छिन्नीने नीट न उचलता मी पाना लावला आणि डाव्या स्टब ॲक्सलचे आटे खरवडले. ते कानशीने दुरुस्त करण्यात अख्खा रविवार गेला. शेवटी बायकोनेच विचारलं, “जेवणार आहात की तिथेच झोपणार?”

बाहेरचं बेअरिंग ॲक्सलवर घट्ट बसतं. ॲक्सल रात्रभर फ्रीझरमध्ये, खोवलेल्या नारळाच्या पाकिटांशेजारी, आणि बेअरिंग ओव्हनमध्ये साधारण ९० अंशांवर. दुसऱ्या दिवशी हातोडी न लावता सरकलं. सील असलेली बाजू चाकाकडे ठेवायची, हे विसरू नका. नट मी २०० फूट-पाउंडला (आवळण्याच्या जोराचं माप) आवळला. मॅन्युअलमध्ये १८१ ते २३९ दिलंय.

आता सामानाबद्दल. बेअरिंग जपानी बनावटीचे आहेत, एक नंबर. साधारण साडेतीन हजार मैल झाले, आवाज नाही, चाक उचलून हलवलं तर ढिलेपणा नाही. पण त्याच किटमधलं ऑइल सील, म्हणजे ग्रीस आत अडवून धरणारी कडी, फालतू निघालं. जूनमध्ये उजव्या बाजूने ग्रीस बाहेर यायला लागलं, सुदैवाने ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचलं नव्हतं. सील वेगळं आणून घातलं. नवे नटही किटमध्ये नव्हते, आणि जुना नट परत वापरायचा नसतो, ही साधी गोष्ट पाकिटावर छापायला काय हरकत होती?

पाचपैकी चार. कापलेला एक सीलचा. डाव्या बाजूला अजून किटमधलंच सील आहे. ते मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या आत बदलणार.