कॅराव्हॅन घेताय? आधी टॉर्च घेऊन खाली झोपा

बेळगावच्या उद्यमबागेत माझं लेथचं वर्कशॉप आहे. अठ्ठावीस वर्षं हात लोखंडात आहेत. तरीही मी ५ लाख २५ हजार रुपयांना एक कॅराव्हॅन ट्रेलर घेतला आणि घेताना त्याच्या खाली एकदाही डोकं घातलं नाही. आतला सनमायका, गादी, छोटं बेसिन आणि खिडकीचे पडदे बघत राहिलो. त्याच माणसाने आणखी दोघांना असेच ट्रेलर विकल्याचं नंतर कळलं. एक गडहिंग्लजचे, एक धारवाडचे. चौथा कोणी त्यात अडकू नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आम्हाला कॅराव्हॅन हवी होती ती हौसेपेक्षा गरजेपोटी. हिला मधुमेह आहे, प्रवासात दर तास-दीड तासाला थांबावं लागतं. सौंदत्तीला, नरसोबाच्या वाडीला किंवा पंढरपूरला जायचं म्हटलं की रस्त्यावरच्या संडासांच्या धास्तीने ती आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडायची. स्वतःचा संडास आणि आडवं व्हायला जागा सोबत असली तर ती निर्धास्त फिरेल, एवढाच विचार होता. माझी जुनी बोलेरो ओढायला होतीच.

मोबाईलवर जाहिरात दिसली. ट्रेलर निपाणीच्या अलीकडे, हायवेपासून आत, शेतातल्या एका शेडमध्ये उभा होता. नंबर एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरचा, आणि विकणाऱ्याचा पत्ता कर्नाटकातला. आपल्या भागात यात काही वेगळं वाटत नाही. निम्मे पाहुणे कागल-गडहिंग्लजला, निम्मे इकडे. माणूस तिशी-पस्तिशीचा, बोलायला गोड. "काकू, आधी चहा घ्या की, गाडी कुठं पळून जातीय?" पुण्याचं एक कुटुंब परदेशी निघालंय, त्यांचा ट्रेलर मी फक्त विकून देतोय, असं त्याने सांगितलं. आणि थोड्या वेळाने, "गोव्याची पार्टी संध्याकाळी येणार आहे, पण तुम्ही आपली माणसं."

तो दिवस रविवार होता. आरटीओ बंद, बँक बंद, ओळखीचा मेकॅनिक गावाला. रविवारी बोलावण्यामागचं कारण आता कळतं. ट्रेलरची एक बाजू भिंतीला चिकटवून ठेवली होती आणि दुसऱ्या बाजूला चाकापर्यंत पाचटाचा ढीग रचला होता. खाली वाकून बघायला जागाच नव्हती. आत नव्या रंगाचा आणि फेविकॉलचा इतका वास होता की हिने खिडकी उघडायला लावली. मला तो वास नवेपणाचा वाटला. वर्कशॉपमध्ये कोणी ताजा रंग मारलेला जॉब आणला तर मी आधी रंग खरवडून बघतो. तिथे ते सुचलं नाही.

पन्नास हजार टोकन तिथल्या तिथे मोबाईलवरून दिलं. दुसऱ्या दिवशी ३ लाख ७५ हजार आरटीजीएसने पाठवले, तेही त्याने दिलेल्या 'मेव्हण्याच्या' खात्यावर. एक लाख रोख दिले. रोखीची पावती नाही. करारपत्रात किंमत दोन लाख लिहिली, "टॅक्स कमी बसेल काका" म्हणून. हो म्हटलं ही माझी चूक. कागदावर दोन लाखांचा व्यवहार, पैसे गेलेत तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर, आणि रोख लाखाचा मागमूस नाही. पुढे पोलिसांसमोर बसल्यावर या तीन गोष्टींनी माझी बाजू किती लंगडी झाली ते मला माहीत आहे.

करारपत्र ई-स्टॅम्पवर कन्नडमध्ये होतं. मी कन्नड बोलतो, दुकानाच्या पाट्याही वाचतो, पण कायद्याची कन्नड मला येत नाही. बाँड रायटरने मराठीत घाईघाईने अर्थ सांगितला आणि मी सही केली. नंतर आमच्या गल्लीतल्या निवृत्त कन्नड शिक्षकांनी शब्द न शब्द वाचून दाखवला. त्यात 'इद्द स्थितियल्ली' असं होतं, म्हणजे आहे त्या स्थितीत, आणि खरेदीदाराने वाहन व कागदपत्रं पूर्ण तपासून समाधान करून घेतलं आहे, असंही होतं. सर वाईट वाटून म्हणाले, "सही करायच्या आधी आणला असतात तर दहा मिनिटांचं काम होतं हो." भाषा कोणतीही असो, आपल्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. कागद घरी न्यायला द्यायची ज्याची तयारी नाही, त्याच्याशी व्यवहार नको.

पहिली सफर हिडकल धरणाची ठरली. जानेवारीचा महिना, ऊस जोरात चालू. काकती, होनगा गेलं तोवर ट्रेलर शांत होता. वंटमुरी घाटाच्या उतारावर वेग साठच्या आसपास गेला आणि मागून बोलेरोला कोणीतरी डावी-उजवीकडे ओढतंय असं वाटलं. आरशात बघितलं तर ट्रेलर सापासारखा हलत होता. पुढे दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर. ब्रेकवर पाय ठेवला तसं हलणं आणखी वाढलं. हिने डोळे मिटून दत्तगुरूंचं नाव घ्यायला सुरुवात केली. मी पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि गाडीला आपोआप मंदावू दिलं. ट्रॅक्टरच्या मागे चार-पाच हातांवर सगळं थांबलं. कोणावर अशी वेळ आली तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका आणि ओलांडून जाण्यासाठी वेगही वाढवू नका.

त्या रात्री धरणाजवळ एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या खळ्यावर थांबलो. भाकरी, पिठलं, थंडी, पाण्यावरचा वारा. यासाठीच तर निघालो होतो. दहा वाजता दिवे मंद झाले, अकराला बंद. १५० ॲम्पिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या म्हणून सांगितलेल्या, त्यातली एक मेलेली होती. छपरावर सोलर पॅनेल होतं, त्याची वायर कपाटामागे येऊन नुसती टेप गुंडाळून सोडली होती. ती कशालाच जोडलेली नव्हती. आणि गॅसची टाकी पलंगाखालच्या बंद खोक्यात होती, जमिनीलगत हवा जायला एक भोकसुद्धा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साठतो. म्हणून टाकीच्या कप्प्याला बाहेर उघडणारी जाळी तळाशी लागते आणि तो कप्पा झोपायच्या जागेपासून वेगळा, पक्का बंद असावा लागतो. आम्ही त्या पलंगावर झोपलो होतो. पैशाचं दुःख हळूहळू कमी झालं, पण ही गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो.

परत आल्यावर एका ओळखीच्या काट्यावर, जिथे उसाच्या ट्रॉल्या तोलतात, तिथे ट्रेलर सोडवून एकटा तोलला. १,६४० किलो भरला. आरसीवर एकूण वजन ७५० किलो. मग हुकाखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवला. हुकावर ४५ किलो. अशा ट्रेलरच्या हुकावर एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार हवा, म्हणजे इथे निदान १६० किलो. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, फ्रिज, सगळं चाकांच्या मागे बसवलं होतं. जुने गाडीवान बैलगाडी भरताना धुरेकडे थोडं वजन ठेवतात, मागे जास्त भरलं तर गाडी उलाळ होते. इथेही तेच. फक्त बैल थांबतात, साठच्या वेगाची गाडी थांबत नाही. हुकावरचं वजन कमी पडलं की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो.

मग वर्कशॉपमध्ये ट्रेलर स्टँडवर घेतला आणि आडवा होऊन खाली गेलो. आक्सल एका जुन्या जीपचा कापून आणलेला. मधला भाग डांबरासारख्या काळ्या रंगाखाली लपवलेला, रंग खरवडला तर दोन ठिकाणी जोडलेला. पाटे दोन बाजूंना वेगवेगळ्या लांबीचे. सगळ्यात वाईट होती ती ब्रेकची फसवणूक. ड्रॉबारवर, म्हणजे पुढच्या ओढायच्या दांड्यावर, ओव्हररन ब्रेकचं (गाडी मंदावली की ट्रेलरच्या रेट्याने आपोआप लागणारा ब्रेक) रबरी आवरण दिसत होतं. ते सरकवलं तर आत दांडी नाही, केबल नाही, काही नाही. नुसतं रबर क्लिपने बसवलेलं. नव्याच्या जागी जुना भाग घालून फसवणारे मी बघितलेत. पण ज्याच्यावर माणसाचा जीव आहे त्या ब्रेकचं नुसतं कातडं लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

टायर चकाचक काळे होते, पॉलिश मारलेले. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३१११, म्हणजे २०११ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातले. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, वाळून तडकतात. त्यामुळे नक्षी खोल दिसली म्हणून भुलू नका, हे चार आकडे वाचा. एप्रिलच्या वळवात भिंतींचंही खरं रूप कळलं. बाहेरच्या एसीपी (ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या) शीटमागचं प्लायवूड कुजलेलं होतं, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर बिस्किटासारखा आत गेला. घेण्याआधी भिंतीवर, कोपऱ्यात, खिडकीखाली बोटाने ठोकून आवाज ऐका. होस पाईपने छपरावर अर्धा तास पाणी सोडा आणि आत जाऊन बसा. विकणारा नको म्हणाला तर समजून जा. बेळगावच्या पावसात गळकी कॅराव्हॅन दोन पावसाळेसुद्धा काढत नाही.

कागदांची कथा याहून वाईट. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं म्हणून नोंदणी लागत नाही, असं आमच्याकडे अनेकांना वाटतं. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या 'मोटार वाहन' शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, त्याला स्वतःचा चेसिस नंबर आणि आरसी लागते. माझी आरसी खरी होती, पण दुसऱ्या ट्रेलरची, मालवाहू म्हणून नोंदलेल्या. चेसिस नंबरची पट्टी रिव्हेटने बसवलेली, तिच्याखालचा मूळ नंबर ग्राइंडरने घासलेला. शिवाय त्या आरसीवर एका फायनान्स कंपनीचा बोजा होता. परराज्यातलं वाहन कायमचं इकडे आणायचं तर मूळ आरटीओची एनओसी लागते, त्यासाठी फॉर्म २८. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला फॉर्म ३५. मला फक्त २९ वर सही मिळाली होती, तीही आरसीवरच्या मालकाच्या सहीशी न जुळणारी. "एनओसी आठ दिवसांत येतीय" हे मी चार महिने ऐकलं. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून नोंद, वाहनाचा प्रकार आणि बोजा बघायला पाच मिनिटं लागली असती. मी ती पाच मिनिटं टोकन दिल्यानंतर तीन आठवड्यांनी काढली.

पोलिसांकडे गेलो तेव्हा पहिल्यांदा हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा, असं ऐकायला मिळालं. गडहिंग्लजचे आणि धारवाडचे खरेदीदार सापडल्यावर तिघांनी मिळून, घासलेल्या चेसिस नंबरचे फोटो, काट्याची पावती आणि बँकेची नोंद जोडून पुन्हा अर्ज दिला. तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार घेतली गेली. एकट्याने आठ फेऱ्या मारल्या होत्या, तिघं मिळून एका फेरीत काम झालं. तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर आधी त्याच माणसाचे दुसरे ग्राहक शोधा, आणि त्याच्याशी झालेले मेसेज पुसू नका. मला आतापर्यंत ७० हजार परत मिळालेत, बाकी तारखांवर तारखा चालू आहेत.

हिला मी कबूल केलेली पंढरपूरची वारी अजून राहिली आहे. ती काही बोलत नाही. फक्त प्रवास निघाला की पाणी पिणं पुन्हा बंद करते.

ट्रेलर येळ्ळूरला पाहुण्यांच्या शेतात विटांवर उभा आहे, पंचनामा झालेला. गेल्या आठवड्यात हुक्केरीकडचा एक तरुण शोधत आला. पत्ता त्याला कोणी दिला माहीत नाही. बायको गरोदर आहे, गोव्याला सावकाश न्यायचंय, आहे तसा द्या, अडीच लाख रोख देतो म्हणाला. मी त्याला केस चालू असल्याचं सांगितलं, तरी तो आतल्या गादीकडेच बघत होता. तेव्हा मी त्याच्या हातात टॉर्च दिला, जमिनीवर पोतं अंथरलं आणि आम्ही दोघं खाली झोपलो. ब्रेकचं रबर मी त्यालाच सरकवायला लावलं.