काउंटर मिळत असेल तरच जा: लंडनच्या एका महागड्या हॉटेलात काही महिने जेवल्यावर

हॉटेल क्लार्कनवेलमध्ये आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे बरीच कुरकुर आहे आणि या छापाची हॉटेलं लंडनमध्ये आता पैशाला पासरी झाली आहेत. छाप म्हणजे सिमेंटच्या उघड्या भिंती, टेबलावर कापड नाही, मेन्यू एका पानाचा, पदार्थाच्या नावाच्या जागी तीन जिन्नस स्वल्पविराम देऊन लिहिलेले आणि हॉलच्या मधोमध उघडं स्वयंपाकघर. गेल्या ऑक्टोबरपासून अधूनमधून जातोय. बहुतेक वेळा बायकोबरोबर, कधी ऑफिसच्या खर्चाने आणि मे महिन्यात अलिबागहून आलेल्या आई-बाबांना घेऊन.

पैसे वसूल होतात ते फक्त काउंटरवर, म्हणजे स्वयंपाकघराला लागून जेवायला बसायच्या लांब ओट्यावर. जोएल रोबुशाँ या फ्रेंच शेफने 2003 मध्ये पॅरिसला आणि टोकियोला काउंटरवालं हॉटेल काढलं. जपानी सुशीचा काउंटर आणि स्पेनमधले तापास बार यांवरून त्याला ती कल्पना सुचली होती. आमच्या हॉटेलचं घराणं तेच. समोर कोळशाची भट्टी, डावीकडे थंड पदार्थ, उजव्या टोकाला गोड, आणि मध्ये ‘पास’, म्हणजे ताटं बाहेर जाण्याआधी जिथे थांबतात तो ओटा. तिथे उभा असलेला हेड शेफ ऑर्डर वाचतो, चारही बाजूंनी एकदम ‘येस शेफ’ येतं आणि पुन्हा शांतता. टीव्हीवर दाखवतात तसली आरडाओरड मी तरी इथे एकदाही ऐकली नाही. ग्राहक दोन हातांवर बसलेला असताना शिव्या कोण देणार म्हणा!

थोडे महिने गेल्यावर बारकावे दिसायला लागतात. भट्टीवरचं बदकाचं मांस उतरवलं की लगेच कापत नाहीत, जाळीवर ठेवून देतात. आतला रस मुरला नाही तर कापताना सगळा फळीवर वाहून जातो. टर्बट नावाच्या माशावर वितळलेलं लोणी चमच्याने ओतत राहणारी मुलगी दर थोड्या वेळाने एक बारीक सळई माशात खुपसते आणि ती खालच्या ओठाला लावून बघते. सळई कोमट लागली की मासा झाला. तिचा थर्मामीटर खिशातच असतो.

आई-बाबा आले तेव्हा सेलेरियाक होता. सेलरीच्या जातीचा खडबडीत गड्डा. तो मिठाच्या जाड कवचात बंद करून भाजतात. हे कवच बांधायला पुष्कळ ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग घालतात. आईने माळ घातलेली, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न तोच. शेफने कवचाचा तुकडा तिच्या हातात दिला आणि सांगितलं, नुसता मैदा, मीठ आणि पाणी. मग आमच्यासमोर सुरीच्या मुठीने ते फोडलं. वाफेचा लोट आला आणि बाबा म्हणाले, “अगं, ही तर पोपटी! भांबुर्डीचा पाला तेवढा राहिला.” पोपटी म्हणजे आमच्याकडे भांबुर्डीच्या पाल्यात, बंद मडक्यात भाजलेल्या शेंगा. खरंच, तत्त्व तेच: बाहेरून पाणी घालायचं नाही, आतल्याच ओलाव्यावर शिजवायचं. वरून तपकिरी होईस्तोवर कढवलेलं लोणी आणि भाजलेले हेझलनट. आईने पुन्हा मागितला असता, पण मागायची पद्धत नाही म्हणून गप्प बसली.

शाकाहारींसाठी मात्र हा प्रकार सोपा नाही. हिवाळ्यात बायकोने शाकाहारी मेन्यूमधली बार्लीची खिचडीवजा डिश मागवली. वर पार्मेसान किसलेलं होतं. वेटरला विचारलं तर म्हणाला, चीज आहे, शाकाहारीच आहे. खरं पार्मेसान, म्हणजे इटलीतलं पार्मिजानो-रेज्जानो, नियमानेच वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं विकर, वापरून करावं लागतं. ते शाकाहारी असूच शकत नाही. गोम अशी की ब्रिटनमध्ये हॉटेलांना 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते आणि तुम्ही बसल्या बसल्या ते अ‍ॅलर्जी विचारतातही. पण रेनेट, जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं) किंवा कोंबडीचा स्टॉक (हाडं उकळून काढलेलं पाणी) त्या यादीत नाही. म्हणजे वेटरने तक्ता चोख पाहिला तरी त्यात हे सापडणार नाही.

आई येणार म्हणून मी आठवडाभर आधी ईमेल केला. ‘शाकाहारी’ एवढ्यावर न थांबता रेनेट, जिलेटिन, स्टॉक, अंडं असं एकेक नाव लिहिलं. उलट उत्तर नीट आलं, कोणत्या पदार्थात काय बदलणार यासकट, आणि जेवणही तसंच आलं. तेव्हा स्वयंपाकघराला येतं सगळं. बाहेर वाढणाऱ्यांपर्यंत ते पोचत नाही, ही माझी तक्रार आहे.

बाकी कुरकुर थोडक्यात. काउंटरची स्टुलं उंच आणि बिनपाठीची. बाबांच्या गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी हिशेब मागितला. हॉलमधली टेबलं अजून वाईट, कारण सिमेंटमुळे आवाज घुमतो आणि स्वयंपाकघर जवळून दिसत नाही ते नाहीच. कपड्यांना भट्टीचा धूर बसतो. रात्रीचा टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफने ठरवलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक, माणशी 95 पौंड. त्यातले पहिले चार घास सुंदर, मधले दोन पदार्थ चिमट्याने लावलेल्या पाल्याचे, आणि त्यावर दोन तासांत टेबल रिकामं करायचं. त्या पैशांत घाई नको वाटते.

बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क आपोआप लागतं. ते ऐच्छिक आहे, सांगितलं तर काढतात. मी काढायला सांगत नाही. ऑक्टोबर 2024 पासूनच्या कायद्याने ते सगळं कर्मचाऱ्यांना द्यावंच लागतं आणि त्या सळईवाल्या मुलीला ते मिळावं असं मला वाटतं.

जायचंच असेल तर दुपारी जा. तीन पदार्थांचं ठरलेलं जेवण 34 पौंडांत होतं, भट्टी तीच, माणसं तीच, आणि गर्दी कमी असल्यामुळे शेफ बोलतातही. बुकिंग करताना काउंटरची उजवीकडची टोकाची जागा मागा. तिथे धूर कमी लागतो आणि गोडाचं टेबल अगदी समोर येतं. शनिवारची रात्र बुकिंग उघडताच संपते. बुधवारची दुपार दोन-तीन दिवस आधीही मिळते.